एमए कॅलिब्रेशन केलं तरी चार दिवसांत एरर परत येतोय: सीटीच्या ट्यूब करंटचा माग कसा काढायचा

स्कॅन सुरू होतो आणि मध्येच थांबतो. कन्सोलवर ट्यूब करंट (एक्स-रे ट्यूबमधून वाहणारा करंट, एमए म्हणजे मिलिअँपिअरमध्ये मोजतात तो) मर्यादेबाहेर गेल्याचा मेसेज. इंजिनिअर येतो, एमए कॅलिब्रेशन चालवतो, सगळी स्टेशनं (मोजायची ठरावीक सेटिंग) पास होतात, सर्व्हिस रिपोर्टवर सही-शिक्का होतो. तीन-चार दिवस मशिन बिनतक्रार चालतं आणि मग एखाद्या दुपारी पोटाच्या स्कॅनला तोच मेसेज पुन्हा हजर. सोलापूर शहरात आणि जिल्ह्यातल्या तालुक्यांत सीटीची कामं करताना या दुखण्यामागे मी एकदा तीन आठवडे घालवलेत, म्हणून हे सविस्तर लिहितोय. फिल्डवर नव्याने आलेल्या मुलांसाठी मुख्यतः, पण सेंटर चालवणाऱ्या डॉक्टरांनी आणि टेक्निशियननी वाचलं तरी उपयोग होईल.

आधीच सांगतो: कॅलिब्रेशन टिकत नसेल तर ते पुन्हा करणं ही दुरुस्ती नव्हे. कॅलिब्रेशन म्हणजे मशिनने आजची परिस्थिती मोजून लिहून ठेवणं. परिस्थितीच रोज बदलत असेल तर कितीदाही नव्याने लिहा, उद्या ते चुकीचंच ठरणार. वर प्रत्येक वेळी जुने आकडे पुसले जातात आणि बिघाड कुठे आहे हे सांगणारा पुरावा आपण आपल्याच हाताने घालवतो.

शहरातल्या एका सेंटरवर हे एप्रिलमध्ये सुरू झालं. १६ स्लाइसचं मशिन, ट्यूब साधारण दीड वर्षाची. पहिल्यांदा गेलो, वॉर्मअप करून कॅलिब्रेशन केलं आणि निघालो. पाचव्या दिवशी टेक्निशियनचा फोन: "साहेब, परत तेच आलंय बघा. परवाच करून गेलात की." दुसऱ्यांदा केलं. तिसऱ्यांदा पोचलो तेव्हा स्कॅन नुकताच तुटला होता आणि पेशंट अजून टेबलवरच होत्या. रेडिओलॉजिस्ट मॅडम शांतपणे म्हणाल्या, "या बाई मंगळवेढ्याहून जीप करून आल्यात. कॉन्ट्रास्ट अंगात गेलंय, आर्टेरियल फेज, धमन्या दिसायची वेळ, निघून गेली. आता त्यांना पुन्हा कॉन्ट्रास्ट द्यायचं का नाही, हे मी कशाच्या भरवशावर ठरवू?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या दिवशी मी कॅलिब्रेशनचा मेनू उघडलाच नाही. दर वेळी स्क्रीनचा फोटो काढून ठेवायची सवय होती, ते फोटो काढून बसलो. १२० केव्ही (ट्यूबवरचं व्होल्टेज, किलोव्होल्टमध्ये), लार्ज फोकस (ट्यूबमधल्या दोन फिलामेंटपैकी मोठं), ३०० एमए या एकाच स्टेशनचा फिलामेंट करंट, म्हणजे फिलामेंटची तार तापवणारा करंट, बघितला. ट्यूब बसवली तेव्हा ४.८५ अँपिअर. एप्रिलच्या पहिल्या कॅलिब्रेशनला ४.९१. पाच दिवसांनी दुसऱ्याला ४.८०. तपासाला दिशा मिळाली ती या तीन आकड्यांतून. का, ते कळायला फिलामेंटचा स्वभाव माहीत हवा.

फिलामेंटचा स्वभाव

१९१३ साली कूलिजने तापलेल्या टंगस्टन फिलामेंटची एक्स-रे ट्यूब आणली, तेव्हापासून केव्ही आणि एमए वेगवेगळे ठरवता येऊ लागले. केव्ही ठरवतो इलेक्ट्रॉन किती जोराने समोरच्या अॅनोडवर आदळणार, आणि फिलामेंटचं तापमान ठरवतं ते किती संख्येने सुटणार. तत्त्व आजही तेच आहे. फिलामेंट २००० अंश सेल्सिअसच्या वर तापतं, आणि त्या तापमानाला इलेक्ट्रॉन सुटण्याचं प्रमाण सरळ रेषेत वाढत नाही, एकदम उसळी घेतं. फिलामेंटमधून चार-पाच अँपिअर जात असताना तो करंट १ टक्क्याने हलला, तर ट्यूब करंट दहा टक्क्यांच्या आसपास हलू शकतो. ४.९१ आणि ४.८० यांत सव्वादोन टक्क्यांचा फरक आहे. कागदावर किरकोळ दिसतो, पण ट्यूब करंटमध्ये तो पंचवीस टक्क्यांच्या घरात जातो.

दुसरी गोष्ट स्पेस चार्जची. कमी केव्हीला फिलामेंटभोवती जमलेला इलेक्ट्रॉनचा ढग पूर्ण खेचला जात नाही, म्हणून तेवढ्याच एमएसाठी ८० केव्हीला १२० केव्हीपेक्षा फिलामेंट जास्त तापवावं लागतं. त्यामुळे प्रत्येक केव्ही, प्रत्येक फोकस आणि प्रत्येक एमए स्टेशनला वेगळा आकडा लागतो. हे सगळं मिळून कॅलिब्रेशनचं टेबल होतं.

मशिन स्कॅन चालू असताना खरा एमए मोजून दुरुस्ती करतंच, मग टेबल कशाला? असं नवीन मुलं विचारतात, आणि प्रश्न बरोबर आहे. केव्ही तर इन्व्हर्टर (जनरेटरमधलं सर्किट) काही मिलिसेकंदांत सावरतो. फिलामेंट मात्र धातूची तार आहे, तिला तापायला आणि विशेषतः निवायला वेळ लागतो. ट्यूबची पेशंटभोवतीची एक फेरी अर्ध्या-पाऊण सेकंदात संपते. सुरुवातीचा आकडाच चुकला असेल तर दुरुस्ती होईपर्यंत एमए मर्यादेबाहेर गेलेला असतो आणि मशिन स्कॅन तोडतं. टेबल म्हणजे पहिलं पाऊल कुठे टाकायचं ते. खांदे किंवा ओटीपोटात जिथे फेरीच्या आतच एमए वर-खाली केला जातो, तिथे हे पाऊल आणखी महत्त्वाचं. ठरावीक एमएला मशिन व्यवस्थित आणि मॉड्युलेशन (हाच फेरीतला एमए-बदल) चालू केलं की एरर, असं दिसलं तर टेबलमधल्या दोन शेजारच्या स्टेशनांमधला उतार तपासा, एखादं स्टेशन ओळीतून बाहेर पडलेलं असतं.

आकडे काय सांगतात

वापराने टंगस्टन उडतं, तार बारीक होते आणि तिचा रोध वाढतो. त्यामुळे तेवढंच तापायला तिला कमी करंट पुरतो. म्हणजे म्हाताऱ्या होत चाललेल्या ट्यूबचे आकडे महिन्यामहिन्याने हळूहळू खाली येतात, आणि सगळ्या स्टेशनांवर साधारण सारखेच येतात. हे नैसर्गिक आहे. अशा ट्यूबला ठरलेल्या वेळी केलेलं कॅलिब्रेशन टिकतं.

आकडा वर गेला तर समजायचं, तारेपर्यंत पोचणाऱ्या करंटमध्ये काहीतरी आडवं येतंय किंवा तारेचे वेटोळे एकमेकांना चिकटलेत. आणि आकडा एकदा वर, एकदा खाली असा झुलत असेल तर ट्यूबचं वय हे कारण असूच शकत नाही, कारण वय उलटं फिरत नाही. आमचा आकडा झुलत होता. एररही दोन प्रकारचे होते: ४.९१ लिहिल्यानंतर एमए जास्त असल्याचे, ४.८० लिहिल्यानंतर कमी असल्याचे. मी दोन्हींना एकच एरर समजत होतो आणि तिथेच तीनपैकी दोन आठवडे गेले. मेसेज जास्तीचा आहे की कमीचा, हे टेक्निशियनकडून दर वेळी विचारून घ्या.

फोकसही बघा. एकाच फोकसला त्रास असेल तर त्या फिलामेंटची तार किंवा तिची पिन. दोन्ही फोकसला सारखा त्रास असेल तर दोघांची सामायिक वाट, मोजणारं सर्किट किंवा फिलामेंट ड्रायव्हर (फिलामेंटला करंट पुरवणारं सर्किट). आमच्याकडे स्मॉल फोकसचे आकडेही त्याच दिशेने, जवळजवळ त्याच टक्केवारीने हलले होते.

आता मोजमाप खरं आहे का, ही शंका. एचटी (हाय टेन्शन, म्हणजे उच्च व्होल्टेज) टँकवर एमए मोजायला टेस्ट पॉइंट असतो, तिथे एमएएस (एमए गुणिले सेकंद) मीटर जोडलं. मशिन दाखवत होतं आणि मीटर दाखवत होतं यात फरक नव्हता, म्हणजे एमए खरोखरच बदलत होता. मग सर्व्हिस मोडमध्ये फिलामेंट स्टँडबायला, म्हणजे इलेक्ट्रॉन सुटणार नाहीत इतकं कमी तापवून, फक्त केव्ही चढवला. ही सोय सगळ्या मशिनमध्ये नसते, पण असेल तर जरूर करा. वाचन शून्याच्या जवळ आलं. इथे आकडा दिसला असता तर केबलमधली गळती किंवा ट्यूबमधला गॅस यांच्यामागे जावं लागलं असतं.

सेंटरमध्ये मात्र सगळ्यांचं मत ठाम होतं, लाईटचा प्रॉब्लेम आहे. आपल्याकडे एमआयडीसीतले कारखाने आणि यंत्रमाग सुरू-बंद होताना व्होल्टेज हलतं, त्यामुळे ही शंका अगदीच निराधार नाही, आणि ती झटकून न टाकता तपासायची असते. तीन दिवस तिन्ही फेजवर रेकॉर्डर लावला. दोनदा मोठा डिप आला तेव्हा मशिन स्कॅन करत होतं आणि स्कॅन पूर्ण झाला. एरर आला त्या मिनिटाला तिन्ही फेज सरळ होत्या. वेळाच जुळत नव्हत्या, म्हणून लाईट यादीतून गेली. त्या निमित्ताने अर्थपिट बघितला, तो कोरडा ठणठणीत होता. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात ही तपासणी कराच. कोरड्या अर्थिंगमुळे मोजणाऱ्या सर्किटमध्ये नॉइज येतो आणि तो वेगळाच माग दाखवतो. पाणी सोडलं, पण आपला एरर तसाच राहिला.

वेळ जुळली ती दुसऱ्याच गोष्टीशी. लॉगमध्ये गॅन्ट्रीच्या (ट्यूब जिच्यात फिरते त्या मोठ्या कड्याच्या) आतलं तापमान असतं. सकाळचे पाच-सहा पेशंट झाल्यावर, विशेषतः पोटाचे स्कॅन एकापाठोपाठ झाले की ते चढायचं, आणि एरर त्यानंतर यायचा. बाहेर ४२ अंश असले तरी खोलीचा एसी २२ वर होता, तेव्हा बाहेरच्या उन्हाचा यात थेट हात नव्हता. पण गॅन्ट्रीच्या फिल्टरवर सुती तंतूंचा थर बसला होता. चादरी-टॉवेलच्या या शहरात हवेतच तंतू असतात, कंपनीच्या वेळापत्रकावर अवलंबून न राहता फिल्टर महिन्याला बघावेत. थोडक्यात, काहीतरी तापलं की सुटत होतं आणि निवलं की धरत होतं. ड्रायव्हर आणि फिलामेंट यांच्यामध्ये तापणारा सांधा एकच, ट्यूबच्या कॅथोडला (फिलामेंटच्या बाजूला) बसणारा एचटी केबलचा प्लग.

ड्रायव्हर करंट बांधून ठेवतो, मग सांध्यातल्या जरा जास्त रोधाने काय बिघडतं? हे मलाही सुरुवातीला खटकलं होतं. ड्रायव्हर बांधून ठेवतो तो फिलामेंट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीचा करंट, आणि फिलामेंट असतं सेकंडरीला. सेकंडरीत रोध वाढला की तिथलं व्होल्टेज वाढतं, ट्रान्सफॉर्मर स्वतःसाठी जरा जास्त करंट खातो, आणि प्रायमरीचा आकडा तोच दिसत असतानाही फिलामेंटला थोडा कमी पोचतो. एवढंसं कमी पोचलं तरी एमए किती हलतो ते वर सांगितलंच आहे.

प्लग उघडताना

इथे घाई करू नका. मेन सप्लाय बंद, पॅनेलला कुलूप, किल्ली आपल्या खिशात. इन्व्हर्टरच्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट राहतात, मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबायचं आणि मग मीटरने शून्य झाल्याची खात्री करायची. प्लग बाहेर आला की प्रत्येक पिन अर्थच्या दांडीने बॉडीला टेकवायची, मगच बोट लावायचं. एचटी केबल स्वतःच एक कपॅसिटर आहे. हे काम एकट्याने करू नका, दुसरा माणूस खोलीत हवाच.

प्लग बाहेर काढला आणि टॉर्च मारला. पितळेच्या तीन पिना. दोन पिवळ्याधमक. तिसरी, सामायिक वाटेची, टोकाकडे जांभळट काळी पडलेली, आणि मुळाशी ग्रीस जळून डिंकासारखं तपकिरी झालेलं. या पिनांना मधोमध उभी चीर असते, त्यामुळे त्या सॉकेटमध्ये स्प्रिंगसारख्या फाकून घट्ट बसतात. काळ्या पिनेची चीर जवळजवळ मिटली होती. परत घालून बघितली तर सॉकेटमध्ये ती सैल बसत होती. तीन आठवडे मी जे टेबलमध्ये लिहीत होतो ते या पिनेचं वाचन होतं.

असा सांधा साध्या मल्टिमीटरने सापडत नाही. थंड फिलामेंटचा रोध एका ओहमच्याही खूप खाली असतो, मीटरच्या वायरींचाच रोध त्याहून जास्त भरतो. चार वायरींचं मिलिओहम मीटर असेल तर प्लग बसलेला असताना मोजा, केबल किंचित हलवून पुन्हा मोजा. वाचन हललं तर सांधा दोषी.

पिन आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तंतू न सुटणाऱ्या कापडाने साफ केली. पातळ पात्याने तिन्ही चिरा अगदी थोड्या, सारख्या फाकवल्या. जास्त फाकवली तर पिन तुटते, तेव्हा इथे जोर लावू नका. पिनेला खड्डे पडले असतील तर साफसफाईवर भागत नाही, केबल बदलावी. ग्रीस आणि सिलिकॉनचं गॅस्केट पुण्याहून रात्रीच्या बसने मागवलं. जुनं ग्रीस पूर्ण पुसून नवं लावायचं, आत हवेचा बुडबुडा राहता कामा नये, कारण तिथूनच एचटी ठिणगी मारते. रिंग आवळली, आणि दुसऱ्या दिवशी मशिन तापून निवल्यावर पुन्हा तपासली. प्लग हलवल्यानंतर थेट १४० केव्हीला जायचं नाही, कमी केव्हीपासून पायरीपायरीने वर चढायचं.

ज्या मशिनमध्ये ट्यूब आणि जनरेटर एकाच हाउसिंगमध्ये आहेत तिथे हा सांधाच नसतो. तिथे आकडे झुलत असतील तर स्लिप रिंग (फिरत्या भागाशी सप्लाय आणि डेटा जोडणारी कडी) आणि ब्रशेस बघा. ब्रशचा कार्बन रिंगवर साचला की सप्लाय आणि डेटा दोन्ही अधूनमधून तुटतात, आणि लॉगमध्ये एमए एररच्या जोडीला कम्युनिकेशनचे एरर दिसतात. ती जोडी दिसली तर आधी व्हॅक्युम क्लीनर हातात घ्या.

मग कॅलिब्रेशन

सांधा दुरुस्त झाल्यावरच कॅलिब्रेशनला अर्थ येतो. जुन्या टेबलचा बॅकअप घ्या, फोटो काढा. खोलीचा एसी निदान दोन तास आधी चालू असू द्या. वॉर्मअप पूर्ण करा, आणि मॅन्युअल सांगेल त्या मर्यादेत ट्यूबची उष्णता ठेवूनच सुरू करा. थंड ट्यूबवर घेतलेलं टेबल दुपारच्या गरम ट्यूबला लागू पडत नाही. मधे सॉफ्टवेअर थांबायला सांगेल तेव्हा थांबा, पेशंट बाहेर बसलेत म्हणून तो वेळ कापू नका. गॅन्ट्री रूममध्ये कुणी नाही, दार बंद आहे आणि लाल दिवा लागलाय, हे दर एक्स्पोजरला बघायचं. टीएलडी बॅज (अंगावर पडलेलं रेडिएशन मोजणारा) छातीवर. त्यानंतर डिटेक्टरचं एअर कॅलिब्रेशन आणि पाण्याच्या फँटमवर (तपासणीसाठीच्या पाणी भरलेल्या भांड्यावर) सीटी नंबर (चित्रातल्या घनतेचे आकडे).

मशिनने पास म्हटलं म्हणून काम संपत नाही, कारण मशिन स्वतःच्याच मोजमापावर स्वतःला पास करतं. पेन्सिल चेंबर (डोस मोजणारी कांडी) आयसोसेंटरला, म्हणजे गॅन्ट्रीच्या बरोबर मध्यावर, ठेवून एकाच केव्हीला ५०, १००, २००, ३०० एमएला डोस मोजा आणि प्रत्येक वाचनाला एमएएसने भागा. सगळीकडे भागाकार सारखा यायला हवा. सर्वांत मोठा आणि सर्वांत छोटा घ्या, त्यांच्या वजाबाकीला बेरजेने भागा. समजा ०.२१० आणि ०.२०० आले, तर ०.०१० भागिले ०.४१०, म्हणजे ०.०२४. एईआरबीच्या (अणुऊर्जा नियामक मंडळाच्या) क्यूएमध्ये, म्हणजे गुणवत्ता तपासणीत, ही लिनिॲरिटी ०.१ च्या आत असावी लागते. क्यूए दोन वर्षांतून किमान एकदा करायचा असतो आणि ट्यूब बदलली तर लगेच, पण ही छोटी तपासणी अशा दुरुस्तीनंतर स्वतःहून करावी.

त्यामागे कारण आहे. एमए वाढला तरी चित्र चांगलंच दिसतं. मशिनचा रेफरन्स डिटेक्टर चढउतार सावरून घेतो, सीटी नंबर जागेवर राहतात, आणि पेशंटला स्क्रीनवरच्या आकड्यापेक्षा जास्त डोस गेलेला कुणालाच कळत नाही. एमए १० टक्के कमी झाला तर नॉइज (चित्रातला दाणेदारपणा) साधारण ५ टक्केच वाढतो, तोही रोज बघणाऱ्या डोळ्याला चटकन जाणवत नाही. तेव्हा चित्र बरं दिसतंय म्हणून एमए बरोबर आहे असं समजू नका.

ट्यूब खरंच संपत आली असेल तर खुणा वेगळ्या असतात. आकडे सतत एकाच दिशेने खाली, लॉगमध्ये आर्किंगची (ट्यूबच्या आत ठिणगी उडण्याची) संख्या आठवड्यागणिक वाढती, आणि त्रास मुख्यतः १२०-१४० केव्हीला. या तिन्ही खुणा एकत्र दिसल्या तर सेंटरला स्पष्ट सांगून नवी ट्यूब मागवा, आणि ती येईपर्यंत कॉन्ट्रास्टचे पेशंट दुसऱ्या मशिनवर पाठवायला सांगा. पण त्याआधी प्लग उघडून बघा. त्या सेंटरवर ट्यूबचं कोटेशन टेबलावर येऊन पडलेलं होतं.

आता तिथे कन्सोलशेजारी एक दोनशे पानी वही टांगलेली असते. तारीख, वेळ, एरर जास्तीचा की कमीचा, केव्ही, फोकस, एमए, त्या आधी किती पेशंट झाले, गॅन्ट्रीचं तापमान, एवढे रकाने टेक्निशियन भरतात. मी गेलो की शेवटच्या पानावर एकाच स्टेशनचा आकडा लिहितो. प्लग दुरुस्त केला त्या दिवशी १२० केव्ही, लार्ज, ३०० एमएला ४.७९ आला होता. पुढच्या भेटीला ४.७९. त्यानंतरच्या भेटीला ४.७८.